दाव्याचा वेढा

१

चंद्री गेली ती दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, आणि अख्ख्या गवळी गल्लीच्या अंगावर उटणं तसंच वाळलं.

चंद्री ही झुंबरबाईंची म्हैस. पंढरपुरी जातीची, काळीभोर, तलवारीसारखी लांब शिंगं आणि गुर्मी अशी की फौजदाराच्या जीपलाही वाट द्यायची नाही. हे मी स्वानुभवानं सांगतोय, कारण त्या भागातल्या चौकीचा फौजदार मीच, हंबीरराव. त्या वर्षी पहिली आंघोळ आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं आणि लगेच दुसऱ्या दिवशी पाडवा. कोल्हापुरात पाडव्याला म्हशी पळवतात. पुढं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल, मागं म्हैस. तिच्या गळ्यात दावं नसतं. नुसत्या हाकेवर ती आपल्या माणसामागं सुटली पाहिजे. ज्याची म्हैस सगळ्यांत पुढं येईल त्याचा फेटा वर्षभर खाली उतरत नाही. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती, गल्लीत मोबाईल वाजायला लागले होते, पण या फेट्याचं वेड काही कमी झालं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा रांगोळ्या तुडवत माणसं गोठ्यासमोर जमली होती. मधोमध झुंबरबाई पदर खोचून उभ्या होत्या आणि त्यांनी आपल्याच गड्याची, आकारामची, गचांडी धरली होती.

"सायेब, न्या ह्याला! माझ्या दारात ल्हानाचा मोठा झालेला मानूस, आन माझीच म्हैस काढून न्हेली की ह्यानं!"

आकाराम मान खाली घालून उभा होता. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून नव्हती. दोन वर्षांपूर्वी पाडव्याच्याच दिवशी गेली. चंद्रीला पळवायच्या जागी नेताना तिचं दावं त्यानं हाताला वेढून धरलं होतं. शेजारी फटाक्यांची माळ लागली, म्हैस उसळली, आणि दाव्याबरोबर बोटंही गेली. गवळ्यांची ही जुनी खोड. दावं मुठीत धरा, हाताला वेढू नका असं कितीही कानीकपाळी ओरडा, ऐकतील तर शपथ.

त्यामुळं गल्लीचा निकाल सोपा होता. म्हशीनं बोटं नेली, म्हणून यानं म्हैस नेली.

"कुणी पाहिलं का?" मी विचारलं.

समोरच्या ओट्यावर पणत्या विकणारी बायडाबाई पुढं आली. या बाईला खोटं बोलता येत नाही; त्यापायी तिची निम्म्या गल्लीशी भांडणं आहेत.

"म्या बघितलं. दिवस नुकता उगवलेला, धुकं हुतं. आकारामचं घोंगडं डोक्यावरनं घेतलेला गडी चंद्रीला घेऊन निघाला. तोंड दिसलं न्हाय. पर कोपऱ्यावर पोरांनी माळ लावली, म्हैस उसळली, तवा त्यानं दावं वढून धरलं. तवा हात दिसला." ती आकारामकडं बघून थांबली. तिला रडू यायला लागलं होतं. "त्या हाताला दोन बोटं न्हवती, सायेब."

२

आकारामला जीपमध्ये बसवणार, एवढ्यात त्याची बायको यल्लव्वा धापा टाकत आली आणि तिच्या मागून डॉक्टर दीक्षा कांबळे.

मला हायसं वाटलं असं म्हणणार नाही. दीक्षा फिजिओथेरपिस्ट. त्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला होता आणि तो तिच्या ताब्यात होता. मी जास्त साहेबी दाखवली की ती हात आणखी एक वीत वर न्यायची. आकारामही तिचाच पेशंट.

"अय्यय्यो, डॉक्टरबाई, तुम्ही तरी सांगा की ह्यास्नी!" यल्लव्वा म्हणाली. ती सीमेपलीकडची, तिच्या मराठीला कानडी हेल. "म्हशीवर राग असता तर रोज तिच्या गळ्यात पडून रडला असता काय ह्यो?"

"आकाराम, सकाळी कुठं होतास?" दीक्षानं विचारलं.

"वैरण आणाय गेलतो. एकलाच. कुनी बघितलं न्हाय." तो थांबला. "घोंगडं गोठ्यातच ठेवून गेलतो, डॉक्टरबाई."

दीक्षानं त्याच्या खिशातून लोकरीचा एक हातमोजा ओढून काढला. "साहेब, हे काय आहे?"

"हातमोजा," मी म्हणालो. फौजदाराला एवढं कळतं.

"बोट तुटल्यावर उरलेल्या भागाला थंडी सोसत नाही. काळानिळा पडतो, चावे घेतल्यासारखा ठणकतो. म्हणून यल्लव्वानं हा विणला. रिकाम्या दोन बोटांत कापूस भरलाय. हा घातला की आकारामच्या हाताला पाच बोटं दिसतात. आणि दिवाळीच्या थंडीत हा माणूस सकाळी मोज्याशिवाय दाराबाहेर पडत नाही."

"म्हणजे बायडाबाईला पाच बोटं दिसायला हवी होती."

"बरोबर."

"काढला असेल मोजा."

"असेल," दीक्षा शांतपणे म्हणाली. "म्हणून तर म्हणते, अजून एक गोष्ट बघायची आहे. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

झुंबरबाई मध्येच कडाडल्या. "संध्याकाळपत्तुर चंद्री दारात आली तर ठीक. न्हाईतर ह्यानं परत माझ्या गोठ्याची पायरी चढायची न्हाय! उद्याचा फेटा म्या ह्याच्या डोक्यावर बांधनार हुते. घरचं मानूस सोडून ह्याला चंद्री पळवाय देनार हुते. आन ह्यानं असं पांग फेडलं!"

आकारामचा चेहरा पांढराफटक पडला. दोन वर्षं तो गोठ्यात नुसतं शेण काढत होता. धार डाव्या हातानं काढायला शिकला, कासरा डाव्या मुठीत धरायला शिकला, आणि उद्या पहिल्यांदा चंद्रीपुढं निघणार होता. बेड्यांपेक्षा त्याला तो फेटा जाण्याची धास्ती जास्त होती. मला ते दिसलं आणि मनातून वाईटही वाटलं.

३

पहिला संशयित म्हणून मी गुंडूला गाठलं. त्याची म्हैस लागोपाठ दोन वर्षं चंद्रीच्या मागं राहिली होती. तो दारात बसून तिच्या शिंगांना लाल हिंगूळ लावत होता.

"माझ्यावर इश्वास न्हाय व्हय सायेब?" तो मोठ्यानं हसला. "चंद्री न्हाई म्हटल्यावर मी कुनाला हरवू? एकट्यानं पळून पयला आलो तर बायको बी फेटा बांधायची न्हाय."

बोलणं सरळ होतं. पण हसणं जरा जास्त होतं, म्हणून मी त्याला नजरेत ठेवला.

परत आलो तर झुंबरबाईंचा पुतण्या पृथ्वीराज फराळाचं ताट घेऊन ओट्यावर आला होता. गोरापान, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, उजवा हात मनगटापर्यंत फडक्यात गुंडाळलेला. त्यानं डाव्या हातानं लाडू माझ्यापुढं केला.

"आरं, सणासुदीचं डाव्या हातानं देतोस व्हय!" झुंबरबाई खेकसल्या.

"काय करू काकी? सकाळी सुतळी बॉम्ब हातात फुटला."

"कुणावर संशय?" मी लाडू खात विचारलं.

"संशय कशाला? बायडाबाईनं बघितलंय की. काकीला मी आधीच सांगितलं होतं, त्या दोन बोटं गेलेल्या माणसाच्या हातात चंद्री देऊ नको म्हणून." त्यानं आकारामकडं पाहिलंसुद्धा नाही. "घरात आम्ही काय मेलोय?"

दीक्षा ओट्याच्या कडेला आकारामजवळ बसली होती. तिनं त्याच्या हाताकडं बघून हळूच विचारलं, "आत्ता कसं आहे?"

"आवळतंय," तो म्हणाला.

"काय आवळतंय?" मी विचारलं.

त्यानं बोटांच्या जागची हवा दाखवली. "दावं. बोटं न्हाईत हे मला बी दिसतंय, सायेब. पर त्येंच्यावर दावं अजून हाय. त्या दिवसापासनं सुटलंच न्हाय. बाई आरशाच्या खोक्यात डावा हात ठेवाय लावत्यात. आरशात बघितलं की उजवाच हात उघडल्यागत दिसतोय, मग जरा सैल पडतंय. खोकं बाजूला केलं की पुन्हा आवळतंय."

मला वाटलं, याचं डोकं जरा सरकलंय. दीक्षानं ते माझ्या तोंडावर वाचलं असणार.

"वेड नाही हे, साहेब. बोट जातं, पण मेंदूतली त्याची जागा जात नाही. तिथं शेवटची आठवण अडकून बसते." मग ती झटकन उठली. तिची नजर गोठ्यातल्या खुंटीवरच्या दुसऱ्या एका दाव्यावर होती. "बायडाबाई, जरा इकडं या. आणि साहेब, तुम्ही उजवा हात पुढं करा."

"खांदा दुखतोय."

"हात मागितलाय, खांदा नाही."

४

दीक्षानं ते दावं बायडाबाईच्या हातात दिलं. "सकाळी त्या माणसाच्या हातात दावं कसं होतं? जसं दिसलं अगदी तसं साहेबांच्या हाताला घाला."

बायडाबाईनं माझ्या पंजाला दावं वेढायला घेतलं. एक वेढा, दुसरा वेढा, वरून आणखी एक. तिला नीट आठवत होतं, शंकाच नव्हती. मधली बोटं अडखळायला लागली तशी मी ती नकळत आत दुमडली. वेढे पुरे झाल्यावर मी हात वर केला.

सगळी गल्ली पुढं वाकली. माझा अंगठा दिसत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दिसत होतं. मधली दोन बोटं दाव्याखाली गडप झाली होती.

"अस्साच हात!" बायडाबाई ओरडली. "आई आंबाबाई, अस्साच!"

म्हणजे गल्लीच्या हिशेबानं आता चोर मीच होतो. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"बोटं नसली तरी हात असा दिसतो आणि दुमडली तरी असाच दिसतो," दीक्षा म्हणाली. "आता प्रश्न एवढाच, की आकारामनं असा वेढा घातला असता का? आकाराम, तोंड फिरव. मागं बघायचं नाही."

तिनं पर्समधली पेन्सिल काढली आणि उलट्या टोकानं त्याच्या पंजावर हलकेच टेकवत गेली. मनगट, तळवा, करंगळीचं मूळ. तो ढिम्म हलला नाही. मग तिनं बोट जिथं संपलं होतं त्या जागी पेन्सिल टेकवली, फुलावर ठेवावी इतकी हलकी. आकाराम ताडकन उसळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"नाटक करतोय त्यो!" पृथ्वीराज मागून म्हणाला.

दीक्षानं पेन्सिल पुन्हा फिरवली, उलटसुलट, कुठंही. दर वेळी तो उसळला तो त्याच एका जागेवर. मध्येच तिनं मला पेन्सिल दिली. मीही तेच केलं आणि तेच झालं. पाठमोऱ्या माणसाला असं नाटक जमत नाही.

"तुटलेल्या नसेच्या टोकाला गाठ आलीय," ती म्हणाली. "नुसता स्पर्श झाला तरी वीज बसल्यासारखी कळ जाते. यावर दाव्याचे वेढे घालून उसळलेली म्हैस ओढून धरायची? हा जागच्या जागी कोसळला असता. सकाळी चोरानं त्याचं घोंगडं उचललं, त्याची गेलेली बोटंही उचलली. पण बोटं लपवायला त्यानं जी युक्ती केली, नेमकी तीच एक गोष्ट आकारामला ह्या जन्मी जमणार नाही."

झुंबरबाईंचा हात तोंडावर गेला. "आगं माझ्या आई..."

"अजून संपलं नाही," दीक्षा म्हणाली. "बायडाबाई, माळ लागली, चंद्री उसळली, आणि त्यानं दावं ओढून धरलं. वेढ्याच्या आत त्याची धडधाकट बोटं दुमडलेली. त्या बोटांचं काय झालं असेल, हे आकारामइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मी सटकन फिरलो. "सगळ्यांनी हात दाखवा!"

माझ्या मागोमाग आलेल्या गुंडूनं दोन्ही पंजे वर केले. हिंगुळानं लाल, पण शाबूत. एकेक करत सगळ्या गल्लीचे हात वर गेले. फराळाचं ताट ओट्यावर तसंच होतं. पृथ्वीराज मात्र दिसेना.

५

तो झुंबरबाईंच्या घराच्या मागच्या खोलीत कॉटवर बसला होता. कपाळावर घाम, ओठ सुकलेले. इस्त्रीचा शर्ट पार चुरगळला होता.

दीक्षा त्याच्यासमोर बसली आणि काही न विचारता फडकं सोडायला लागली. त्यानं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण तेवढी ताकदही उरली नव्हती.

आतली दोन बोटं फुगून निळसर झाली होती. मधल्या बोटातली सोन्याची अंगठी मांसात रुतून दिसेनाशी झाली होती.

"फटाका फुटला की कातडी भाजते, बोटांची टोकं काळी पडतात," ती मला म्हणाली. "इथं भाजल्याची खूण नाही. बोटांच्या मुळाशी बघा, दाव्याचा पीळ जसाच्या तसा उमटलाय."

मी मिशीवर ताव दिला. इतक्या सरळ सापडलेल्या चोराला खडसवायची संधी रोज येत नाही. "बोल! चंद्री कुठं ठेवलीस?"

"साहेब, चौकशी नंतर." दीक्षा उठली होती. "अंगठीच्या पुढं रक्त पोचत नाहीये. आणखी वेळ घालवला तर याचंही बोट जाईल. जीप काढा."

"आधी म्हैस कुठाय ते..."

"जीप!"

मी जीप काढली. पुढं दीक्षा, मागं पृथ्वीराज, आणि त्याच्या शेजारी कुणी न सांगता चढून बसलेला आकाराम. पृथ्वीराजनं हात मांडीवर टाकला होता. आकारामनं तो उचलला आणि आपल्या खांद्यावर ठेवला.

"वर धरा, मालक. खाली सोडला की ठणका वाढतोय. मला ठावं हाय."

तिथं पृथ्वीराजचा बांध फुटला. जाणता गडी ओक्साबोक्शी रडायला लागला. कुणी विचारलं नसताना सगळं सांगितलं. कळंब्याच्या तळ्यापलीकडं मित्राचा गोठा आहे, तो म्हशी राखणीवाल्यावर टाकून सणाला आजऱ्याला गेलाय, चंद्री त्याच्या म्हशींत सोडलीय. पाडवा झाला की सोडून देणार होता. काकीनं घरच्या पोराला डावलून गड्याला फेटा द्यायचं ठरवलं, आणि तालमीतले मित्र हसले, ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

"तुमची बोटं माझ्या डोक्यात हुती," तो आकारामला म्हणाला. "म्हटलं दोन बोटं तर दुमडायची हाईत. दावं वढलं तवा कळलं."

 आकारामनं त्याचा हात तेवढा वर धरून ठेवला.

दवाखान्यात अंगठी कापून काढली. बोटं हळूहळू पुन्हा गुलाबी झाली. वेळेत आणलं म्हणून वाचलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

६

कळंब्याला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. बरोबर झुंबरबाई आणि यल्लव्वाही होत्या. तळ्याच्या कडेला म्हशी चिखलात बसलेल्या, सगळ्या नखशिखांत माखलेल्या. कुठली काळी, कुठली भुरी, काही कळेना. राखणीवाला म्हणाला, "ह्यात तुमची कंची ते तुमीच वळखा, पावणं."

झुंबरबाई कडेनं फिरल्या. त्यांनाही ओळखेना.

आकाराम पाण्याशी जाऊन उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला आणि हाक दिली.

"चंद्रेऽऽ! याऽऽ!"

चिखलातून एक मुंडकं वर आलं. मग शिंगं, मग तो सगळा डोंगर उभा राहिला, आणि बाकीच्या म्हशींना ढुशा देत सरळ त्याच्या दिशेनं धावत सुटला. चंद्रीनं त्याच्या छातीवर नाक घासलं. झुंबरबाईंच्या दारात वाढलेला तो गडी लहान पोरासारखा तिच्या गळ्यात पडला. गळ्यात अजून ते दावं लोंबत होतं. आकारामनं ते डाव्या हातानं सोडलं आणि तळ्यात भिरकावून दिलं.

झुंबरबाई त्याच्यासमोर आल्या. भल्याभल्यांना शिव्या घालणाऱ्या बाईनं मान खाली घातली. "आकाराम... सकाळी म्या तुझी गचांडी धरली. माझ्या हाताला कीड पडली असती तर बरं झालं असतं."

"आसू द्या, आक्का. तुमची म्हैस हुती."

"न्हवं. तुझी हाय. उद्या फेटा म्या सोता बांधनार."

कळंब्यापासून गवळी गल्लीपर्यंत चंद्री बिनदाव्याची चालत आली. पुढं आकाराम, मागं जीपमध्ये आम्ही. रस्त्यावरच्या दुकानांत लक्ष्मीपूजनाचे दिवे लागले होते आणि दुकानदार गल्ल्यावरून उठून बघत होते.

पाडव्याला पंचगंगेच्या बाजूला मुंगीला वाट नव्हती. चंद्रीच्या शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. आकारामच्या डोक्यावर केशरी फेटा, उजव्या हातात कापूस भरलेला मोजा. मी दीक्षाला विचारलं, "बाई, दोन बोटांवर याला मोटरसायकलची मूठ आवळता येईल?"

"मुठीची ताकद करंगळी आणि तिच्या शेजारणीत असते, साहेब. वर्षभर ओली फडकी पिळायला लावलीत त्याला."

त्याची राजदूत मोटरसायकल फटफटली. आकारामनं एकदाच मागं बघून हाक दिली आणि सुटला. शेजारी फटाक्यांची माळ लागली, अगदी तशीच, दोन वर्षांपूर्वीसारखी.  चंद्रीचे कान हलले. पण तिला धरून ठेवणारं काही नव्हतं, ओढणारं काही नव्हतं. पुढं फक्त तो आवाज होता. ती त्या आवाजामागं अशी पळाली की गुंडूची म्हैस धुळीत दिसेनाशी झाली. सगळ्यांत जोरात शिट्टी गुंडूनंच मारली. गर्दीत हाताला पट्टी बांधलेला पृथ्वीराजही उभा होता, आणि एका हातानं टाळी वाजत नाही म्हणून तो मांडीवर थापा मारत होता. झुंबरबाईंनी त्याच्यावर तक्रार केलीच नव्हती. माझी चौकी कशाला, काकीची जीभच त्याला पुरेशी होती.

गुलालात लालभडक झालेला आकाराम गर्दीतून वाट काढत आमच्याकडं आला. लोक त्याला खांद्यावर घ्यायला बघत होते, पण तो थांबला नाही. दीक्षासमोर येऊन त्यानं मोजा काढला आणि उघडा पंजा पुढं धरला. तीन बोटं, आणि मधली मोकळी जागा. तो त्या मोकळ्या जागेकडं नवलानं बघत होता.

"काय झालं? दुखतंय?" दीक्षानं घाबरून विचारलं.

"न्हाय, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "दावं सुटलं."